रुमालाखालचा आकडा

माणसाने दुसऱ्या माणसाला आकडा कसा सांगावा, याबद्दल आमच्या घरात फार कडक मतं आहेत. तोंडाने तर सांगूच नये. कागदावर लिहून देणं त्याहून वाईट. आकडा सांगायचा तो बोटांनी, आणि तोही रुमालाखाली.

आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, उदगीरच्या जनावरांच्या बाजारात दलाल होते. चाकूरला आमचं घर आणि थोडं रान. रान चुलत्यांनी बघायचं आणि अण्णांनी बैल बघायचे, अशी वाटणी होती. बैल विकणारा आणि घेणारा एकमेकांना किंमत कधी बोलून दाखवत नाहीत. दलाल खांद्यावरचा रुमाल काढतो, एकाचा हात आपल्या हातात घेतो, वर रुमाल टाकतो आणि बोटं दाबतो. पूर्ण पंजा दाबला की पाच, वर दोन बोटं धरली की सात. मग दुसऱ्याकडे जाऊन पुन्हा तेच. वरून पाहणाऱ्याला वाटावं की तिघे जण पाहुण्यारावळ्यांची चौकशी करताहेत, आणि रुमालाखाली मात्र बोटांची हमरीतुमरी चाललेली असायची. बिदरकडून कानडी बोलणारे यायचे, देगलूरकडून तेलुगू बोलणारे यायचे, बोटांना कुठलीच भाषा लागत नसे.

या व्यवहाराचे नियम मला लहानपणीच पाठ झाले होते, कारण जेवताना दुसरा विषयच नसायचा. त्यातला सगळ्यात मोठा नियम असा, की रुमालाखाली एकदा हात गेला की काहीतरी दाबायचंच. आकडा पटला नाही तर दुसरा दाबा, सौदा नको असेल तर हात झटका, पण काहीच न दाबता हात गुपचूप काढून घेणं म्हणजे समोरच्याला चोर ठरवणं. एकाने अण्णांच्या हातातून असा हात काढून घेतला होता. अण्णा त्याच्या पोराच्या लग्नाला गेले नाहीत, नातवाच्या बारशालाही गेले नाहीत.

पुढे ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले, अण्णांचे गुडघे गेले. आता लोक मोबाईलवर बैलाचा फोटो टाकतात आणि खाली किंमत लिहितात. भर चौकात कपडे काढल्यासारखं वाटतं मला, असं अण्णा म्हणतात. त्यांनी बाजार सोडला. रुमाल तेवढा खांद्यावर राहिला, पण त्याच्याखाली कुणाचा हात आला नाही.

मी नांदेडला एम.एस्सी. केलं, पुण्याला पीएच.डी. केली आणि आता तिथेच एका संस्थेत विश्वात पदार्थाच्या गुठळ्या किती झाल्या ते मोजते. हे वाक्य मी चाकूरच्या बस स्टँडवर पहिल्यांदा म्हटलं तेव्हा ऐकणाऱ्या बाईने मला बसायला जागा दिली. तिला मी आजारी वाटले असणार.

घरी मात्र समजावून सांगणं भागच होतं. आईला कळावं म्हणून मी पिठल्यावर आले. म्हटलं, सुरुवातीला सगळा पदार्थ जवळजवळ सारखा पसरलेला होता, पातळ पिठासारखा. कुठे जरासा जास्त, कुठे जरासा कमी. जिथे जास्त होता त्याने आजूबाजूचा ओढून घेतला आणि तो आणखी जास्त झाला. अशा गुठळ्या होत होत आकाशगंगा झाल्या, त्यांचे घोळके झाले. आई शांतपणे ऐकून म्हणाली की कोणी ढवळलं नाही वाटतं. तिच्या मते विश्व हे बिघडलेलं पिठलं आहे आणि तिची लेक त्यातल्या गुठळ्या मोजायचा पगार घेते. यात शास्त्रीयदृष्ट्या चूक काढायला मला बरेच दिवस काही सापडलं नाही.

मोजण्याची रीत सांगणं त्याहून अवघड. विश्व अगदी तान्हं असताना जो प्रकाश मोकळा झाला, तो अजून सगळीकडून आपल्याकडे येतोय. डोळ्यांना दिसत नाही, सूक्ष्मलहरींच्या दुर्बिणींना दिसतो. त्यात किंचित गरम, किंचित गार ठिपक्यांची नक्षी आहे. हा प्रकाश येता येता वाटेतल्या सगळ्या गुठळ्यांच्या जवळून येतो आणि प्रत्येक गुठळी त्याला जराशी वाकवते. हौदाच्या तळाच्या फरश्या पाण्यातून वाकड्यातिकड्या दिसतात तशी ही नक्षी आपल्याला थोडी वाकडी दिसते. किती वाकडी दिसते यावरून वाटेत किती आणि कशा गुठळ्या आहेत, त्या कुठल्या काळात किती वाढल्या, हे काढता येतं. सगळं करून शेवटी एक आकडा मिळतो. मान्य सिद्धांत म्हणतो, अमुक एवढा यायला हवा. काही गटांनी दुसऱ्या रीतीने मोजला तर तो थोडा कमी भरला होता. खरंच कमी असेल तर सिद्धांतात कुठेतरी पाणी मुरतंय. आमचा गट हाच आकडा जुन्या प्रकाशावरून काढत होता.

अण्णांनी हे सगळं डोळे मिटून ऐकलं. शेवटचा शब्द ऐकून डोळे उघडले. आकडा.

त्या उन्हाळ्यात मी सुट्टीवर चाकूरला आले तेव्हा आमचं मोजमाप संपत आलं होतं आणि उत्तर झाकलेलं होतं. आमच्या कामात अशी रीत आहे. माणसाला मनातून एखादं उत्तर हवं असतं, आणि हवं ते उत्तर दिसेपर्यंत तो नकळत चुका शोधत राहतो आणि ते दिसलं की शोधणं थांबवतो. म्हणून संगणक खऱ्या उत्तरात एक गुप्त फरक मिसळून ठेवतो. पडद्यावर दिसतो तो आकडा खोटा असतो, हे सगळ्यांना माहीत असतं. किती खोटा, ते कुणालाच माहीत नसतं. सगळ्या तपासण्या पार पडल्या की एके दिवशी सगळ्यांच्या देखत तो फरक काढून टाकायचा. आमचा तो दिवस पंधरवड्यावर आला होता.

संध्याकाळी ओट्यावर अण्णा माझ्या शेजारी येऊन बसले. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या. चुलत्यांच्या सोयाबीनचं बियाणं, चाकूरच्या नव्या डॉक्टरची फी. मग बोलता बोलता त्यांनी माझा हात हातात घेतला आणि खांद्यावरचा रुमाल काढून वर टाकला. समोरच्या रस्त्याकडे बघत ते आईच्या भावाच्या, म्हणजे आमच्या लातूरच्या मामाच्या, रक्तदाबाबद्दल बोलू लागले.

मला कळलं ते काय मागताहेत. आणि माझ्याजवळ द्यायला काही नव्हतं. खोटा आकडा दाबावा तर तो रुमालाखाली दिलेला शब्द होणार. खरा मला ठाऊक नाही. मी विचार करत राहिले, मला घाम आला, आणि मी हात काढून घेतला. काहीच न दाबता.

अण्णा उठले, रुमाल झटकला, घडी करून खांद्यावर टाकला आणि आत गेले. त्या रात्री ते जेवले, पण माझ्याशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी समोर बसलेली असताना त्यांनी आईला सांगितलं की तिला म्हणावं मीठ दे.

मी आईजवळ तणतणले. म्हटलं, मला खरंच माहीत नाही, कुणालाच माहीत नाही. आईने हे अण्णांना सांगितलं आणि उत्तर घेऊन आली. ते म्हणत होते, दोन वर्षं एका आकड्यावर राबून आकडा माहीत नाही असं कधी होत असतं का. कुणाचा तरी हात कुणाच्या तरी हातात असतोच. मग संगणकाच्या हातात कुणाचा हात आहे ते विचार. मी म्हटलं, कुणाचाच नाही. आई पुन्हा आत गेली, पुन्हा बाहेर आली. ते म्हणताहेत, मग सौदा कुणाशी चाललाय.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सातासमुद्रापलीकडची माणसं माझं म्हणणं एका दमात ऐकून घेतात आणि इथे मला आईच्या तोंडून वाद घालावा लागतोय. मी तरातरा सामान भरायला घेतलं. आई दारात उभी राहून बघत होती.

"त्यांला आकडा न्हाई पायजे बाई," ती म्हणाली. "त्यांला सगळ्यांच्या आधी पायजे. हयातभर सगळ्यांच्या आधी त्यांलाच कळायचं. आता दुधाचा भावबी शेवटी कळतोय."

मी भरलेलं सामान पुन्हा बाहेर काढलं.  पण यात आणखी एक गोची होती, ती मी तिला सांगितली नाही. उत्तर उघडल्यानंतरही ते आम्हाला कुणाला सांगता येणार नव्हतं. लेख जाहीर होईपर्यंत गटाबाहेर अवाक्षर काढायचं नाही, असा नियम होता, आणि लेखाला अजून दोन-तीन महिने लागणार होते. म्हणजे अण्णांना तो आकडा जगाबरोबरच कळणार, मामाच्या फोनवरून, दुधाच्या भावासारखा.

हा मामा लातूरला मुलांचं वसतिगृह चालवतो. आजूबाजूच्या पाच जिल्ह्यांतली पोरं शिकवण्यांना लातूरला येतात, त्यातली काही मामाकडे राहतात, आणि दर उन्हाळ्यात मामा त्यांच्या यशाचे फ्लेक्स लावतो. फ्लेक्सवर पोरांचे फोटो लहान आणि मामाचा मोठा असतो. चाकूरला आमच्या गल्लीत मोबाईलची रेंज गच्चीच्या एका कोपऱ्यातच येते, म्हणून आकडा उघडण्याच्या दिवशी मामाकडे जाऊन वरच्या मजल्यावरच्या खोलीत बसायचं ठरलं. हे कळल्यावर मामा हातावर हात ठेवून बसणाऱ्यातला नव्हता.

तो मला फोन करून विचारू लागला की उत्तर काय येणार. मी सांगितलं, येईल तेव्हा येईल. तो म्हणाला, बाई, निकालाचा सीझन आहे, लातूरची सगळी मशिनं टॉपर पोरांनी अडवलीत, फ्लेक्स नांदेडहून करून आणावा लागेल, आधी सांग. मी नाही म्हटलं. तेव्हा मामाने शास्त्रज्ञाला शोभेल असा मार्ग काढला. त्याने दोन्ही शक्यतांचे फ्लेक्स छापून घेतले. दोन्ही गुंडाळ्या नांदेडहून एसटीने आल्या. एकावर होतं: 'विश्वाच्या वाढीचा हिशोब चुकला! लातूरच्या लेकीने पकडला!' दुसऱ्यावर: 'विश्वाची वाढ हिशोबाप्रमाणेच! लातूरच्या लेकीची ग्वाही!' दोन्हींवर माझा दहावीतला फोटो, दोन वेण्यांचा. मामाचा फोटो नेहमीच्या आकारात.

ठरल्या दिवशी आम्ही तिघं दुपारच्या एसटीने लातूरला गेलो. अण्णा खिडकीशी, मधे आई, कडेला मी. घरणी गावाच्या पुढे अण्णांनी आईला विचारलं, तिला तहान लागली का. मला हायसं वाटलं. म्हणजे राग उतरणीला लागला होता.

मामाने फ्लेक्स उघडून दाखवले तेव्हा अण्णा पहिल्यांदा सगळ्यांसमोर बोलले. ती लातूरची नाही, चाकूरची आहे, एवढंच. मामा म्हणाला, दाजी, लातूर जिल्हा तर आहे ना. त्यावर अण्णांनी फ्लेक्सकडे पाठ फिरवली.

मामाने घरात कडेकोट बंदोबस्त केला होता. व्होल्टेज कमी पडू नये म्हणून बोअरची मोटार बंद, त्यामुळे टाकीत पाणी नाही, त्यामुळे पोरं खाली बादल्या घेऊन रांगेत उभी. आवाज करायचा नाही म्हणून ती बादल्या छातीशी धरून उभी होती. मी वर जाऊन दार लावलं आणि लॅपटॉप उघडला.

पडद्यावर निरनिराळ्या देशांतले माझे सहकारी आले. कुणाकडे सकाळ, कुणाकडे संध्याकाळ, एकाच्या मांडीवर मांजर. गटप्रमुख बाईंनी शेवटची तपासणी वाचून दाखवली, सगळ्यांनी होकार दिला. पडद्यावर एक राखाडी पट्टा होता. सिद्धांत खरा असेल तर आमचा ठिपका त्या पट्ट्यात पडायचा, नाहीतर खाली. मी देव पाण्यात घालून बसले होते की तो खाली पडावा. खाली पडला तर जगभर बोलबाला, मला पुढची नोकरी, मामाचा पहिला फ्लेक्स.

बाईंनी बटण दाबलं. ठिपका पट्ट्याच्या बरोबर मधोमध जाऊन बसला.

कुणीतरी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी सुस्कारा सोडला, मांजर उठून गेलं. मला आधी वाईट वाटलं, खरंच वाईट वाटलं, पाच मिनिटं मी नुसती बघत बसले. मग हळूहळू दुसरंच काहीतरी वाटायला लागलं. तो प्रकाश निघाला तेव्हा पृथ्वीही नव्हती. वाटेतल्या एकेका गुठळीने त्याला जरा जरा वाकवलं. आणि इतक्या दुरून येऊन त्याने सांगितलेला हिशोब माणसांनी कागदावर मांडलेल्या हिशोबाशी जुळला. मला हवं होतं ते उत्तर आलं नव्हतं, आणि मला काय हवं होतं याला त्या प्रकाशाने काडीची किंमत दिली नव्हती. मला फार बरं वाटलं. रडू आलं थोडं. ही गोष्ट पहिल्यांदा कुणाला सांगावीशी वाटली, तर ती अण्णांना.

शेवटी बाईंनी पुन्हा बजावलं. लेख जाहीर होईपर्यंत हा आकडा कुणाला तोंडी सांगायचा नाही, लिहायचा नाही, फोटो काढायचा नाही, मेल करायचा नाही. मी मान डोलावली. मान डोलावताना माझ्या लक्षात आलं की बोटांबद्दल बाई काही बोलल्या नाहीत.

दार उघडलं तर जिन्यात मामा उभा, दोन्ही काखांत एकेक गुंडाळी. त्याने माझा चेहरा वाचायचा प्रयत्न केला. डोळे लाल दिसले तेव्हा त्याने एक गुंडाळी पुढे केली, मी हसले तेव्हा दुसरी पुढे केली. मी सांगितलं, मामा, बोलता येत नाही, नियम आहे. मामाने कपाळावर हात मारला, त्या नादात एक फ्लेक्स जिन्यावरून गडगडत खाली पोरांच्या बादल्यांपर्यंत गेला.

खाली हॉलमध्ये सगळे जमले होते. आई, मामी, शेजारचे दोघे, स्वयंपाकीण बाई, आणि बादल्यांची रांग दारातून डोकावत. सगळ्यांनी एकदम विचारलं. अण्णांनी विचारलं नाही. ते कोपऱ्यातल्या पलंगावर बसून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते.

मी त्यांच्याजवळ जाऊन बसले.

"अण्णा, रुमाल द्या," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. खांद्यावरचा रुमाल काढला, झटकला, माझा हात हातात घेतला आणि वर टाकला. आणि मोठ्याने मामाला विचारलं की यंदा मेसमध्ये ज्वारी कुठली आणलीय. मामा भांबावून म्हणाला, बार्शीची.

मी दाबलं. आकडे दोनच होते, दशांश चिन्हापुढचे. दशांश चिन्ह कसं दाबायचं ते मला शिकवलेलं नव्हतं, म्हणून ते सोडून दिलं. आधी पहिला आकडा, मग जरा थांबून दुसरा. अण्णांचा हात खरखरीत आणि गरम होता. ते बार्शीच्या ज्वारीवर बोलत राहिले, पण आवाज बदलला होता.

मग त्यांची बोटं हलली. मला वाटलं, कळलं म्हणून दाबताहेत. पण नाही. त्यांनी पहिला आकडा तसाच दाबला आणि दुसऱ्याला एक बोट जास्त धरलं.

ते आकडा वाढवून मागत होते.

हसू आवरणं मला जड गेलं. मी हात किंचित झटकला आणि पुन्हा तेच दोन आकडे दाबले, घट्ट. अण्णा थांबले. ज्वारीचं बोलणंही थांबलं. त्यांनी एकदा शेवटचं म्हणून अर्धं बोट दाबून पाहिलं. मी हलले नाही. तेव्हा त्यांनी माझा पूर्ण पंजा धरला, एकदा दाबला, आणि रुमाल काढून घेतला.

"सौदा झाला," ते सगळ्यांना म्हणाले.

मामाने विचारलं, दाजी, कितीला. अण्णांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुढचं बोललाच नाही. सगळ्यांनी आपला मोर्चा अण्णांकडे वळवला. मामीने चहा देऊन विचारलं, शेजाऱ्याने पान देऊन विचारलं. मामाने दोन्ही फ्लेक्स त्यांच्यासमोर उलगडून, नुसतं बोटाने दाखवा, दाजी, असं विनवलं. अण्णांनी चहा घेतला, पान खाल्लं, आणि फ्लेक्सवर माझ्या दोन वेण्या फार घट्ट बांधल्यात असं मत दिलं. कितीतरी वर्षांनी लोक त्यांच्याभोवती असे जमले होते. परतीच्या एसटीत ते मधे बसले.

लेख बाहेर आला तेव्हा मी पुण्यात होते. मामाने ग्वाहीचा फ्लेक्स चौकात लावला. चुकलेल्या हिशोबाचा फ्लेक्स वाया जाऊ नये म्हणून त्याने तो गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर झाकण म्हणून बांधला. तो अजून तिथे आहे, आभाळाकडे तोंड करून, माझ्या वेण्यांसकट.

मी अण्णांना फोन केला. मामाने त्यांना आधीच कळवलं होतं आणि त्यांनी त्याला, जुनी बातमी आहे, एवढं सांगून फोन ठेवला होता. मी म्हटलं, अण्णा, आता सगळ्या जगाला कळलंय, आता तुम्ही आकडा कुणालाही सांगू शकता, उदगीरला जाऊन सांगा.  ते गच्चीच्या कोपऱ्यात उभे असणार, खालून आई भांडी लावत असल्याचा आवाज येत होता.

"कशाला सांगू," अण्णा म्हणाले. "शेवटचा सौदा हाय माझा. आपल्या दोघांतच राहू दे."

म्हणून तो आकडा मीही इथे लिहिलेला नाही.